मृत्युपत्राद्वारे सागरसंरक्षणासाठी दान : कायदा, पद्धती आणि घ्यावयाची काळजी

आपल्या पश्चात आपल्या संपत्तीचा काही अंश समुद्राच्या आणि सागरी जीवसृष्टीच्या रक्षणासाठी खर्च व्हावा, अशी इच्छा बाळगणाऱ्या नागरिकास ती पूर्ण करण्याची मुभा भारतीय कायद्याने दिलेली आहे. त्यासाठी धनाढ्य असण्याची आवश्यकता नाही, मुद्रांकशुल्क भरावे लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तथापि केवळ सदिच्छा पुरेशी ठरत नाही. मृत्युपत्रातील शब्दयोजना संदिग्ध असेल, संस्थेचे नाव अपुरे असेल किंवा मालमत्तेचे स्वरूप विचारात घेतलेले नसेल, तर असे दान न्यायालयात अडकते अथवा निष्फळ ठरते. ज्याची इच्छा होती तो खुलासा करण्यास हयात नसतो, हे या दानप्रकाराचे वैशिष्ट्य होय. म्हणूनच त्याचे नियम आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रासाठी दीर्घकालीन निधी का?

भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक वर्षे ७,५१६ किलोमीटर अशी सांगितली जात असे. खाड्या, वळणे आणि बेटे यांची अधिक बारकाईने मोजणी केल्यानंतर ती आता ११,०९८ किलोमीटर मानली जाते. या किनाऱ्यावर कच्छच्या आखातातील देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८२), अंदमानातील वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान (१९८३), तमिळनाडूतील मन्नारच्या आखातातील उद्यान (१९८६), महाराष्ट्रातील मालवण सागरी अभयारण्य (१९८७) आणि ओडिशातील गहिरमाथा सागरी अभयारण्य (१९९७) अशी संरक्षित क्षेत्रे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र डुगाँग अर्थात समुद्रगायीसाठी राखीव घोषित केले.

अशी क्षेत्रे घोषित करणे आणि त्यांचे व्यवस्थापन करणे हे शासनाचे काम आहे. परंतु त्यांच्या भोवतीची बरीच कामे स्वयंसेवी संस्था, संशोधक आणि मच्छीमार समाज यांच्या सहभागाने चालतात. घरट्यांची राखण, जाळ्यात अडकलेल्या प्राण्यांची सुटका, प्रवाळांचे वर्षानुवर्षे निरीक्षण, शाळांतील शिक्षण आणि प्रसंगी न्यायालयीन पाठपुरावा ही त्यांची उदाहरणे होत. चेन्नईत विद्यार्थ्यांचे सागरी कासव संरक्षण जाळे १९८८ पासून रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर गस्त घालत आले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांच्या रक्षणास आरंभ केला. पुढे गावकरी आणि वनविभाग यांनी ते कार्य आपले मानले. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमुशी या महाकाय माशास २००१ मध्ये वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून तेथे राबविलेल्या मोहिमेमुळे मच्छीमार स्वतःचे जाळे कापून या माशास सोडू लागले. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राण्यास सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना जाहीर केली.

या सर्व कामांत एक समान अडचण आहे. प्रकल्पांना मिळणारे अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे असते, तर समुद्राची गती त्याहून फार संथ असते. ऑलिव्ह रिडले कासवाचे पिल्लू प्रौढ होऊन अंडी घालण्यास योग्य होईपर्यंत साधारण १० ते १५ वर्षे लोटतात. आज राखलेल्या घरट्याचा परिणाम पुढील दशकातच दिसू शकतो. डुगाँगचे आयुष्य ७० वर्षांपर्यंत असू शकते आणि मादी तीन ते सात वर्षांतून एकदाच पिल्लास जन्म देते. त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे समजण्यासाठीही एका पिढीचे निरीक्षण लागते. मन्नारच्या आखातातील २१ बेटांपैकी दोन बेटे प्रवाळ-उत्खननाच्या परिणामी पाण्याखाली गेली. जे गेले ते परत आणता येत नाही. उरलेल्यांभोवतीचे प्रवाळ पुन्हा वाढण्यास कित्येक दशके लागतील.

अशा कार्यास दरवर्षी नव्याने हात पसरावा लागू नये, यासाठी कायम निधीची गरज असते. मूळ रक्कम सुरक्षित गुंतवून केवळ तिच्या उत्पन्नातून खर्च करावयाचा, अशी या निधीची रीत आहे. मृत्युपत्राद्वारे मिळणारे दान अशा निधीस विशेष उपयुक्त ठरते. कारण दात्याला हयातीत आपल्या उपजीविकेची तरतूद मोडावी लागत नाही आणि संस्थेला एकदम मोठी रक्कम प्राप्त होते.

पूर्वसूरी

मृत्युपत्रातून लोककार्यासाठी संपत्ती देण्याची परंपरा आपल्याकडे नवीन नाही. जमशेटजी टाटा यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांचे १९१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये स्थापन झालेला न्यास एका शतकानंतरही कार्यरत आहे.

सागराच्या संदर्भात अमेरिकेतील दोन उदाहरणे बोलकी आहेत. ‘द सी अराउंड अस’ या १९५१ च्या ग्रंथाने समुद्रविज्ञान सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या रेचल कार्सन यांचे १९६४ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी निधन झाले. त्यांनी मृत्युपत्राद्वारे आपल्या संपत्तीचा वाटा सिएरा क्लब आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंरक्षण संस्थांना दिला. त्या उद्योजक नव्हत्या. लेखणीवर उपजीविका करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या. दुसरे उदाहरण ह्यूलेट-पॅकार्ड या उद्योगाचे सहसंस्थापक डेव्हिड पॅकार्ड यांचे. त्यांनी हयातीतच कॅलिफोर्नियात माँटेरे उपसागर मत्स्यालयास अर्थसाहाय्य केले आणि १९८७ मध्ये समुद्र-संशोधन संस्था स्थापन केली. १९९६ मध्ये त्यांच्या निधनानंतर संपत्तीचा बहुतांश भाग त्यांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानास मिळाला. सागरी संशोधन आणि संरक्षण यांना अर्थसाहाय्य करणाऱ्या जगातील प्रमुख प्रतिष्ठानांत आज त्याची गणना होते.

ब्रिटनमध्ये अशा दानास करसवलतीचीही जोड आहे. तेथे धर्मादाय संस्थेस दिलेल्या वारसा-दानावर वारसाकर लागत नाही. निव्वळ संपत्तीचा किमान दहावा हिस्सा असा दिल्यास उर्वरित करपात्र संपत्तीवरील कराचा दर ४० टक्क्यांवरून ३६ टक्के होतो. ही तरतूद २०१२ पासून लागू आहे. भारतात परिस्थिती निराळी आहे. १९५३ च्या कायद्याने लागू झालेला मृत्युकर मार्च १९८५ पासून रद्द करण्यात आला. त्यामुळे मृत्युपत्रातून दान केल्याने वारसांचा कर वाचतो, असा लाभ येथे संभवत नाही. ज्यांना आयकरातील वजावट हवी आहे, त्यांनी हयातीतच देणगी देणे योग्य.

किती संपत्ती देता येते?

या प्रश्नाचे उत्तर दात्याचा व्यक्तिगत कायदा आणि वास्तव्य यांवर अवलंबून आहे.

हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तीस आपली स्वकष्टार्जित संपत्ती संपूर्णपणे कोणासही देता येते. एकत्र कुटुंबातील संपत्तीपैकी केवळ स्वतःच्या हिश्शाची विल्हेवाट लावता येते. हा अधिकार हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ३० ने दिलेला आहे. मात्र १९५६ च्याच हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार, मृत्युपत्रात काहीही न मिळालेल्या अवलंबित व्यक्तीस मृताच्या संपत्तीतून निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार राहतो. म्हणून वृद्ध मातापिता, पत्नी वा अज्ञान अपत्ये यांची तरतूद प्रथम आणि दान नंतर, हा क्रम कायद्याच्या दृष्टीनेही हिताचा आहे.

मुस्लिम व्यक्तीस अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने देता येते. त्याहून अधिक द्यावयाचे असल्यास वारसांची संमती लागते.

ख्रिस्ती व्यक्तींवर पूर्वी एक जाचक बंधन होते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ११८ नुसार, पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या व्यक्तीस धार्मिक अथवा धर्मादाय कार्यास संपत्ती द्यावयाची असल्यास, मृत्यूपूर्वी किमान १२ महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांच्या आत विहित ठिकाणी जमा करावे लागे. केरळमधील धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर हे बंधन उरलेले नाही.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली वारसापद्धती २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात कायम ठेवण्यात आली आहे. त्यानुसार अपत्यांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी संपत्तीचा अर्धा भाग राखीव असतो आणि उरलेल्या अर्ध्या भागाचेच स्वेच्छेने दान करता येते. गोव्यातील किनाऱ्यासाठी काही ठेवू इच्छिणाऱ्या तेथील रहिवाशाने ही मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे.

मृत्युपत्र वैध होण्यासाठी

सज्ञान आणि सुदृढ मनःस्थितीतील कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. ते साध्या कागदावर, हस्तलिखित अथवा टंकलिखित आणि मराठीसह कोणत्याही भाषेत असू शकते. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार, करणाऱ्याने त्यावर स्वाक्षरी अथवा अंगठा करावा लागतो आणि किमान दोन साक्षीदारांनी करणाऱ्याच्या समक्ष सही करावी लागते. साक्षीदारांनी मृत्युपत्र वाचलेले असणे आवश्यक नाही. करणाऱ्याने सही केल्याचे पाहिलेले असणे किंवा तशी कबुली त्याच्याकडून ऐकलेली असणे पुरेसे आहे. मुस्लिम व्यक्तींना ही औपचारिकता लागू नाही, तर गोव्यातील रहिवाशांसाठी नोटरीसमोरील स्वतंत्र पद्धती आहे. ज्या संस्थेस दान द्यावयाचे, तिचे विश्वस्त वा कर्मचारी यांना साक्षीदार करू नये. पुढे वाद उद्भवल्यास ते अडचणीचे ठरते.

नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेणे श्रेयस्कर. नोंदणी कायदा, १९०८ नुसार मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणूनही देता येते. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता वा रद्द करता येते. छोट्या बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र करता येते, परंतु तेही दोन साक्षीदारांसह करावे लागते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींनी विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहानंतर आपोआप रद्द होते, हे विस्मरणात जाऊ नये.

न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध मानल्याच्या दाखल्यास प्रोबेट म्हणतात. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथील अनेक मृत्युपत्रांसाठी हा दाखला पूर्वी सक्तीचा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने ही सक्ती काढून टाकली आहे. तथापि वारसांत वाद असल्यास, किंवा संस्थेस मिळणारी मालमत्ता मोठी असल्यास, प्रोबेट घेण्याचा मार्ग आजही खुला आहे.

संदिग्धतेचा धोका

भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८९ नुसार, निश्चित हेतू व्यक्त न करणारे मृत्युपत्र किंवा त्यातील दान अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरते. या तत्त्वाचे प्रसिद्ध उदाहरण मुंबई इलाख्यातीलच आहे. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या प्रकरणात १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने केवळ ‘धरम’ या शब्दाने केलेले दान अवैध ठरविले. या शब्दाचा अर्थ इतका व्यापक आहे की त्याच्या अंमलबजावणीवर न्यायालयास देखरेख ठेवता येणार नाही, हे त्यामागील कारण होते. दात्याच्या मनात काय होते, हे त्याला जवळून ओळखणाऱ्यांना कदाचित ठाऊक असेल. न्यायालयास ते कागदावरूनच समजते.

‘माझी उरलेली संपत्ती समुद्राच्या भल्यासाठी वापरावी’ या वाक्यासही असाच धोका संभवतो. समुद्राचे भले म्हणजे मासेमारीचा विकास, बंदराची स्वच्छता, कासवांचे रक्षण की मच्छीमारांच्या मुलांचे शिक्षण? आणि ते करावयाचे कोणी? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मृत्युपत्रातच असली पाहिजेत. दान घेणारी संस्था आणि दानाचा हेतू, दोन्ही नेमकेपणाने लिहावेत.

संस्थेचे केवळ प्रचलित नाव न देता नोंदणीतील पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि स्थायी खाते क्रमांक अर्थात पॅन द्यावा. सागरसंरक्षणाच्या क्षेत्रात मिळत्याजुळत्या नावांच्या अनेक संस्था असल्याने ही खबरदारी विशेष आवश्यक ठरते.

हेतू लिहिताना मात्र अति संकुचितही होऊ नये. एका विशिष्ट किनाऱ्यावरील घरट्यांसाठीच रक्कम ठेवली आणि पंधरा वर्षांत धूप होऊन तो किनाराच उरला नाही, तर दानाचे काय, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५५ अन्वये, मूळ हेतू अशक्य झाल्यास त्याच्या निकटच्या हेतूसाठी निधी वापरण्याचे निर्देश न्यायालयाकडून मिळविता येतात. परंतु त्यात काळ आणि पैसा खर्च होतो. त्यापेक्षा पर्यायी हेतू मृत्युपत्रातच नमूद करणे सोपे.

दानाचे प्रकार

निश्चित रकमेचे दान समजण्यास सर्वांत सोपे आहे. परंतु महागाईमुळे त्याचे मूल्य घटते. वार्षिक महागाई सहा टक्के धरल्यास आजच्या १० लाख रुपयांची क्रयशक्ती १२ वर्षांनी सुमारे ५ लाखांची आणि २४ वर्षांनी सुमारे अडीच लाखांची राहील. चाळिशीत मृत्युपत्र करणाऱ्याने हे गणित अवश्य मांडून पाहावे.

विशिष्ट वस्तूचे दान म्हणजे ठरावीक समभाग, मुदतठेव वा सदनिका देणे. ती वस्तू मृत्यूपूर्वी विकली गेल्यास दानही संपुष्टात येते.

शिल्लक संपत्तीतील हिश्शाचे दान हा तिसरा प्रकार होय. कर्ज, खर्च आणि इतर सर्व वाटे देऊन जे उरेल त्याचा काही टक्के भाग संस्थेस द्यावा, असे यात लिहिले जाते. कुटुंबियांचे वाटे आधी सुरक्षित होतात आणि रक्कम महागाईबरोबर आपोआप जुळते, त्यामुळे बहुतेकांसाठी हा प्रकार सोयीचा आहे. मात्र संपत्ती अपुरी पडल्यास सर्वांत प्रथम झळ याच दानास बसते.

चौथा प्रकार सशर्त दानाचा. ‘पत्नीच्या हयातीत घराचा उपभोग तिने घ्यावा आणि तिच्या पश्चात ते विकून येणारी रक्कम अमुक संस्थेस द्यावी’ अशी योजना करता येते. अपत्य नसलेल्या दांपत्यांसाठी ती विचारात घेण्याजोगी आहे.

जमीन, नामनिर्देशन आणि परदेशातील दाते

शेतजमीन थेट संस्थेच्या नावे करण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घेणे अनिवार्य आहे. बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यावर अनेक राज्यांत बंधन आहे. मूळच्या मुंबई कूळकायद्याचा वारसा असलेल्या गुजरातमधील कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने विनोदचंद्र कपाडिया प्रकरणात जून २०२० मध्ये, मृत्युपत्राद्वारे केलेले हस्तांतरणही या बंधनात येते, असा निर्वाळा दिला. किनारपट्टीवरील आंबा वा नारळाच्या बागायतीचे मालक असणाऱ्यांनी म्हणूनच, निष्पादकाने जमीन कायद्यानुसार पात्र व्यक्तीस विकावी आणि विक्रीची रक्कम संस्थेस द्यावी, अशी रचना करणे अधिक सुरक्षित.

बँक खाते किंवा समभाग यांवर नामनिर्देशन केले म्हणजे वारसाहक्क दिला, हा समज चुकीचा आहे. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, समभागांचा नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही आणि संपत्ती वारसाहक्काच्या कायद्यानुसारच वाटली जाते. आयुर्विम्यात आईवडील, पती-पत्नी आणि अपत्ये यांच्याबाबत २०१५ च्या दुरुस्तीने अपवाद केला आहे. जी संपत्ती समुद्रासाठी ठेवावयाची, तिचा उल्लेख मृत्युपत्रात असलाच पाहिजे आणि नामनिर्देशनही त्याच्याशी विसंगत नसावे.

परदेशस्थ मराठी भाषकांसाठी नागरिकत्वाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने वैयक्तिक बचतीतून दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीचे दान, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कक्षेत येते. अशी रक्कम केवळ त्या कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेसच स्वीकारता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते. ही नोंदणी पाच वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करावे लागते. मृत्युपत्र लिहिताना वैध असलेली नोंदणी प्रत्यक्ष दानाच्या वेळी असेलच असे नाही. यास्तव पर्यायी संस्थेचे नाव लिहिणे येथे अत्यावश्यक ठरते.

संस्थेची पारख

ज्या संस्थेस दान द्यावयाचे तिचे मागील काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल मागून घ्यावेत. प्रामाणिक संस्था ते देण्यास का-कू करीत नाही. आयकर कायद्याखालील धर्मादाय नोंदणी चालू आहे काय, धर्मादाय आयुक्त अथवा संबंधित निबंधकाकडे वार्षिक हिशेब दाखल होतात काय आणि नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर नोंद आहे काय, हे तपासावे. संस्था कायम निधी वेगळा ठेवते काय, हा प्रश्न मृत्युपत्रीय दानात सर्वांत महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावरील गावकरी आणि मच्छीमार यांचा त्या संस्थेविषयीचा अनुभव जाणून घेणेही उपयोगी पडते. स्थानिकांच्या विरोधात जाऊन समुद्राचे रक्षण फार काळ चालत नाही.

मृत्युपत्राद्वारे स्वतंत्र न्यास स्थापण्याचाही पर्याय आहे. महाराष्ट्रात अशा सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीसाठी निष्पादकास प्रोबेट मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांपैकी आधी येणाऱ्या मुदतीत अर्ज करावा लागतो. परंतु न्यास चालविण्याचा खर्च पाहता, मर्यादित संपत्तीसाठी विद्यमान संस्थेत दात्याच्या नावे निधी ठेवणे अधिक व्यवहार्य.

मसुद्याचा नमुना

दानाचे कलम पुढीलप्रमाणे लिहिता येईल. ‘माझी सर्व देणी, अंत्यविधीचा व मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा खर्च आणि वर नमूद केलेले वाटे दिल्यानंतर उरणाऱ्या संपत्तीचा दहा टक्के हिस्सा मी (संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, पॅन) या संस्थेस देत आहे. संस्थेने ही रक्कम कायम निधी म्हणून गुंतवावी आणि तिचे उत्पन्न भारतीय किनाऱ्यावरील सागरी कासवांच्या संरक्षणासाठी वापरावे. ते अशक्य झाल्यास अन्य सागरी जीवांच्या संरक्षणासाठी वापरावे. सदर संस्था अस्तित्वात नसल्यास किंवा हे दान स्वीकारण्यास कायद्याने अपात्र असल्यास, हा हिस्सा (दुसऱ्या संस्थेचा तपशील) या संस्थेस त्याच हेतूने द्यावा. संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची पावती ही माझ्या निष्पादकास पुरेशी भरपाई समजावी.’

कुटुंबाशी संवाद

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा निष्पादक वयाने तरुण, विश्वासू आणि या दानाशी सहमत असावा. बहुतेक वाद रकमेवरून होत नाहीत. आपल्याला अंधारात ठेवले, या भावनेतून ते होतात. वेंकटचल अय्यंगार प्रकरणात १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असल्यास ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर राहते. निकटच्या वारसास विनाकारण वगळणे हीदेखील अशी परिस्थिती मानली जाऊ शकते. म्हणून वारसांना कमी वाटा देण्यामागील कारण मृत्युपत्रात एक-दोन वाक्यांत लिहावे. वय अधिक असल्यास त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे आणि शक्य असल्यास मुलाबाळांना हयातीतच आपला मनोदय सांगावा. ‘आईने समुद्रासाठी काही ठेवले आहे’ हे मुलांनी तिच्याच तोंडून ऐकलेले असेल, तर ते दान पूर्ण करणे त्यांनाही आपले कर्तव्य वाटते.

संस्थेसही आगाऊ कळविणे इष्ट असते. रक्कम सांगण्याची गरज नसते. हेतू संस्थेच्या कार्यक्षेत्रात बसतो की नाही, एवढी खातरजमा पुरेशी होते. मृत्युपत्राची मूळ प्रत कोठे आहे हे निष्पादकास ठाऊक असावे. दर तीन ते पाच वर्षांनी, तसेच विवाह, जन्म, निधन, स्थलांतर वा नागरिकत्वातील बदल यांनंतर ते पुन्हा वाचून पाहावे.

प्रस्तुत माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येकाची कौटुंबिक स्थिती, व्यक्तिगत कायदा आणि मालमत्तेचे स्वरूप भिन्न असल्याने अंतिम मसुदा जाणकार विधिज्ञाकडून तपासून घ्यावा.